चुन्याचं पाणी

बुऱ्हाणपुरात साबणाचा कारखाना काढायचा हा मुळातच थोडा वेडेपणा होता, कारण आमच्या गावचं पाणी साबणाचं वैरी. शहराच्या उत्तरेला, सातपुड्याच्या पायथ्याकडे, बादशाही काळात जमिनीखालून भुयारं खणून पाणी आणलेलं आहे. त्या भुयारांवर थोड्या थोड्या अंतरानं विहिरीसारखी उभी तोंडं आहेत, त्यांना आम्ही कुंड्या म्हणतो. पाणी गार, चवीला गोड, पण त्यात चुना विरघळलेला. भुयाराच्या भिंतींवर त्याचे पांढरे थर चढतात. या पाण्यात साबण चोळला की फेस येत नाही. दह्यासारखं काहीतरी पांढरं तरंगतं आणि बादलीच्या कडेला चिकटून बसतं. मग सिंधीपुऱ्यातल्या बाया आमच्या दारात येऊन वडी आपटत. "घ्या तुमचा साबण! यानं लुगडं धुतलं का मळवलं?"

मी त्यांना म्हणे, "वैनी, तापीच्या पाण्यानं धुऊन बघा." त्या म्हणत, "मग साबण कशाला पाहिजे, नदीत काय दगड नाहीत?"

मी वडी परत घेई.

कारखान्यात येण्याआधी मी शाळेत मुलांना विज्ञान शिकवत असे. कारखान्याच्या शेठनं बोलावलं म्हणून भट्टीवर गेलो आणि तिथेच राहिलो. घरच्यांनी कपाळाला हात लावला, पण 'मास्तर' हे नाव काही सुटलं नाही. काम म्हणाल तर स्वयंपाकासारखंच. मोहाचं आणि सरकीचं तेल मोठ्या हंड्यात तापवायचं, त्यात कॉस्टिक सोड्याचं पाणी बेतानं सोडत जायचं आणि ढवळत राहायचं. शेवटी मीठ टाकलं की साबण सायीसारखा वर येतो. तो साच्यात ओतायचा, थंड झाला की तारेनं वड्या कापायच्या. गिऱ्हाईक आलं की पहिला प्रश्न ठरलेला, "यात चरबी तर नाही ना?" मी देवाशपथ सांगे की नाही, आणि ते खरंच होतं. पण मनात येई, तेल काय आणि चरबी काय, एकाच घरातल्या दोन बहिणी. एक पातळ, एक घट्ट, एवढाच फरक.

वासासाठी मुंबईहून अर्काच्या बाटल्या येत. त्यातल्या एकीला पिकल्या केळ्याचा वास होता. तुकईथडचा एक केळीवाला शेतकरी एकदा कारखान्यात आला. त्यानं बाटली हुंगली आणि विचारलं, "मास्तर, कोणाच्या मळ्यातलं केळं हे?"

"कोणाच्याच नाही. सिरक्यात असतं ते आम्ल आणि एका जातीचं अल्कोहोल, दोन्ही एकत्र तापवलं की हा वास तयार होतो."

"केळं नाही अन् वास केळ्याचा?" त्यानं बाटली चटकन खाली ठेवली. "हे तं भूत झालं!"

त्या भुताला एस्टर म्हणतात. आम्ल आणि अल्कोहोल जोडले गेले की एस्टर होतो. लहान असला तर फळाफुलांचा वास देतो, मोठा असला तर तेल किंवा चरबी होतो. तेलात ग्लिसरीन नावाचा गोडसर पदार्थ तीन लांबलचक आम्लांना धरून बसलेला असतो. कॉस्टिक घातलं की ती पकड सुटते. ग्लिसरीन मोकळं होतं, आम्लं कॉस्टिकला बिलगतात, आणि तोच साबण. कॉस्टिकच्या जागी चुना असला तरी साबण होतो, पण तो पाण्यात विरघळत नाही. खडूसारखा तसाच राहतो. आणि काहीच घातलं नाही तरी ओलाव्यानं आणि काळानं चरबी आपोआप फुटत जाते. जुनं तूप खवट होतं त्यात थोडंफार हेच असतं. शाळेत मी हे सगळं फळ्यावर लिहून शिकवलं होतं. मुलं जांभया देत, आणि मला त्यांचा राग येत नसे, कारण मलाही त्यात जांभईपलीकडे काही दिसलं नव्हतं.

भट्टीवर ढवळण्याचं काम नथूबाबा करत असे. माझ्याहून बराच वयस्कर, उंच, बोलायला कमी. बोटाच्या चिमटीत थोडा साबण दाबून तो सांगे, "झाला," किंवा "अजून कच्चा हाय." त्याची थोरली लेक सोनाई लग्नाआधी आमच्याकडे वड्यांना कागद गुंडाळायला येई. पुढचे दोन दात किंचित एकमेकांवर चढलेले, त्यामुळे ती नुसती उभी असली तरी आता हसणार असं वाटे. तिला असीरगडच्या पायथ्याच्या गावात दिली होती.

लग्नानंतरच्या दुसऱ्या आखाजीची गोष्ट. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्याकडे लेकी माहेरी येतात, झाडांना झोके बांधतात. नथूबाबा तिला आणायला सासरी गेला, तर सासू म्हणाली, "ती तं सकाळीच निघाली. बाजारच्या बायांसंगं गेली. तुमच्याकडे पोचली नाही?"

पोचली नव्हती. बाजारला जाणाऱ्या बायांनी सांगितलं, फाट्यापर्यंत ती आमच्याबरोबर होती, मग जवळची वाट म्हणून रानातून एकटी गेली. शोध झाला. दोन-चार दिवसांनी सासूला आठवलं की गावातला गणपत गाडीवानही त्याच दिवसापासून दिसत नाही. गणपत मुंबईला गिरणीत लागायला गेला होता आणि तसं सांगूनच गेला होता. पण तेवढ्यावर लोकांनी दोघांची गाठ मारून टाकली. सोनाई गणपतबरोबर पळाली. कोणी म्हणे, आमच्या गावच्या लालबाग स्टेशनवर दोघांना गाडीत चढताना पाहिलं. कोणी पाहिलं ते मात्र कधीच कळलं नाही.

पंच बसले. नथूबाबाला पंगतीतून उठवलं. धाकट्या लेकीला आलेलं स्थळ परत गेलं. एके दिवशी तो तापीवर गेला आणि सोनाईच्या नावानं आंघोळ करून आला. जिवंत लेकीला मेली म्हणून सोडण्याची ही रीत. दुसऱ्या दिवशी कामावर आला आणि हंडा ढवळू लागला. त्यानंतर तिचं नाव त्याच्या तोंडून मी ऐकलं नाही. त्याची बायको गंगाबाई मात्र ज्याला त्याला सांगे, "माही पोर तशी नाही." लोक मान हलवत आणि पुढे जात.

अशी चार-पाच वर्षं गेली. लढाई सुरू झाली, विलायतेचं कॉस्टिक मिळेनासं झालं, आम्ही सज्जीखार नावाचा कच्चा सोडा चुन्याबरोबर उकळून कॉस्टिक करत कसाबसा साबण काढत होतो. त्या उन्हाळ्यात शहराबाहेरच्या एका शेतकऱ्यानं आपल्या रानातली जुनी, बुजलेली कुंडी उपसायला काढली. ती चालू भुयारांपैकी नव्हती. फार पूर्वी ढासळून तुटलेल्या भुयाराच्या फाट्यावरची होती, म्हणून तिचं पाणी गावात येत नसे. गाळ काढताना मजुराची पहार कशाला तरी लागली. त्याला वाटलं चुन्याचा दगड. हातानं माती सारली, तर पाऊल. पायात चांदीचा वाळा.

मजूर जो वर आला तो पळतच सुटला.

आमच्या कारखान्यात शिपाई आला आणि म्हणाला, नथूला दवाखान्यात पाठवा. कशाला ते मला बाजूला घेऊन सांगितलं. वाळ्यावरून सासरच्यांनी ओळख पटवली होती, आता बापाची ओळख हवी होती. मी नथूबाबाला एवढंच म्हणालो, "चला, मीही येतो." त्यानं हात पुसले. तो माझ्यापुढे चालू लागला.

सरकारी दवाखान्याच्या मागे एक पत्र्याची खोली होती. डॉक्टर दारातच उभे होते. म्हातारे, सावकाश बोलणारे गृहस्थ. त्यांनी नथूबाबाला बाकावर बसवलं आणि मला आत नेलं.

"मास्तर, मी हे पुस्तकात वाचलं होतं. उभ्या आयुष्यात पाहिलं नव्हतं. तुमचा धंदा आहे म्हणून विचारतो. बघा आणि सांगा, मला भ्रम तर होत नाही ना?"

मला वाटलं होतं हाडं असतील. इतक्या वर्षांनी दुसरं काय असणार? टेबलावर सोनाई होती.

कातडी नव्हती, केस बरेचसे गेले होते. रंग जुन्या मेणबत्तीसारखा पिवळट पांढरा. पण गाल होते, हनुवटी होती, ओठांची कड होती. आणि त्या ओठांतून एकमेकांवर चढलेले ते दोन दात दिसत होते. ती आता हसेल असं मला वाटलं. मी टेबलाची कड धरली. पांढऱ्या थाळीत एक तुकडा पडला होता, त्याला माझं बोट लागलं. मऊ नाही, टणक नाही. किंचित तेलकट, दाबला की भुगा होणारा. वास खवट. वर्षानुवर्षं रोज हाताळलेली वस्तू बोटाला कळायला वेळ लागत नाही.

"चुन्याचा साबण आहे," मी म्हणालो. आणि काय बोललो ते कानावर पडल्यावर बोट सदऱ्याला पुसत राहिलो.

डॉक्टरांनी पाणी दिलं. "कुंडीचा काठ ढासळला असणार. ती पडली, मान मोडली, हे हाड बघा, आणि वरून सगळा गाळ आला. हवा नाही, गारवा, ओल, आणि पाण्यात चुना. शरीरातली चरबी फुटत गेली आणि चुना तिला धरत गेला."

हे सगळं मला ठाऊक होतं. फळ्यावर लिहिलेलं प्रत्येक अक्षर ठाऊक होतं. पण जे हंड्यात होतं तेच माणसातही होऊ शकतं, हे माझ्या मनात कधी आलं नव्हतं.

तेवढ्यात नथूबाबा आत आला. त्याला कोणी हाक मारली नव्हती. तो टेबलाजवळ गेला. मग त्यानं हात पुढे केला आणि बोटांची मागची बाजू तिच्या गालाला लावली, तापलेल्या लेकराला लावतात तशी. हात तिथेच थांबला. त्यानं वळून माझ्याकडे पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर काय होतं ते मला आजही सांगता येत नाही.

"मास्तर," तो म्हणाला, "हे काय झालं हो तिले?"

त्याच्या बोटांनाही कळलं होतं.

मी त्याला धरून बाहेर आणलं. कुंडीचं, गाळाचं मी सांगू लागलो. तो मध्येच म्हणाला, "म्हंजे ती रानातच होती. कुठे गेलीच नाही."

"नाही."

"आखाजीले येत होती."

"हो."

तो जमिनीवर बसला. मी त्याला रडताना कधी पाहिलं नव्हतं. तेव्हाही तो रडला नाही. नुसता श्वास घेत राहिला, मोठ्यानं, ओझं उचलल्यासारखा.

आमच्याभोवती मात्र दुसरंच सुरू झालं होतं. बातमी गावभर झाली होती. इतक्या वर्षांत देह कुजला नाही! दवाखान्याच्या आवारात माणूस मावेना. बाया हळदकुंकू घेऊन आल्या, कोणी नारळ फोडला. सोनाईची सासू दारात लोटांगण घालून ओरडत होती, "माही लक्ष्मी! माह्या घरात देवी नांदली, आमाले वळखता नाही आली!" सोनाईचा नवरा दुसरी बायको करून मोकळा झाला होता; तो भिंतीशी खाली मान घालून उभा होता. ज्या पंचानं नथूबाबाला पंगतीतून उठवलं होतं तोच पुढे आला आणि हात जोडून म्हणाला, "नथू, तुह्या लेकीत सत् होतं. अशा देहाले जाळत नसतात. कुंडीपाशी चौथरा बांधू. समाधी करू. खर्चाचं तू पाहू नको."

लोकांनी जयजयकार केला. देह न्यायला बाहेर बैलगाडी सजत होती. फौजदारानं हात वर केले. त्याला गर्दी नको होती. देह गेला की त्याचं काम संपत होतं.

नथूबाबा उठला. म्हणाला, "मी तिले घाटावर नेतो."

कोणी ऐकलं नाही. त्यानं पुन्हा सांगितलं. पंच समजावणीच्या सुरात म्हणाला, "अरे, बाप म्हणून तुले समजत नाही. ती आता तुही एकट्याची नाही राह्यली."

तेव्हा नथूबाबानं माझा दंड धरला. साबण ढवळून कमावलेली पकड होती ती. "मास्तर, सांगा यायले. काय झालं ते सांगा."

"नथूबाबा, नको. तुमच्या देखत…"

"माह्या देखतच सांगा. काल छिनाल म्हणत होते, आज देवी म्हणतात. माही पोर होती ती. सांगा तुम्ही."

मी खोलीच्या पायरीवर चढलो. शाळेत शिकवलं, गिऱ्हाइकांशी वाद घातले, पण तसं बोलायची वेळ पुन्हा कधी आली नाही. गंगाबाई समोरच होती. मी तिच्याकडे न बघता बोलू लागलो.

"कुंडीच्या पाण्यात साबण लावला की पांढरं दही तरंगतं, तुम्ही रोज बघता. ते काय असतं? साबणातलं तेल आणि पाण्यातला चुना. माणसाच्या अंगात चरबी असते. सोनाईच्या अंगातल्या चरबीचं आणि कुंडीतल्या चुन्याचं तेच झालंय. तिचा साबण झालाय."

नारळ फोडायला हात उचललेला माणूस तसाच राहिला.

"यात सत् नाही," मी म्हणालो, "आणि पापही नाही. तिथे चोर पडला असता तरी असंच झालं असतं, साधू पडला असता तरी असंच. तिनं काही केलं नाही. ती माहेरी येत होती आणि पडली. एवढंच आहे."

मग एकदम गलका झाला. "मेलेल्या लेकीले साबण म्हणतो!" कोणीतरी मला पायरीवरून खाली ओढलं, माझा सदरा फाटला, पाठीत बुक्की बसली. डॉक्टर मध्ये पडले आणि ओरडले, "मास्तर खरं बोलतात! मी तपासलंय!" एक बाई तोंडाला पदर लावून मागे सरकली. तिच्यामागे दुसरी सरकली. काही जणी कुंकवाचा हात लुगड्याला पुसत होत्या.

त्या गोंधळातून गंगाबाई सरळ चालत आली. तिला कोणी अडवलं नाही. ती खोलीत गेली. दारातून मला दिसलं, तिनं एव्हाना लोकांनी देहावर टाकलेले हार काढून ठेवले, आपल्या खांद्यावरची चादर सोनाईवर पसरली आणि कडा खाली नीट खोचल्या, थंडीत पोराला पांघरतात तशा. मग नवऱ्याला म्हणाली, "चला. लई उशीर झाला तिले."

गर्दीतून वाट झाली.

तापीच्या घाटावर आम्ही मोजकी माणसं होतो. भटजी चाचरत म्हणाले, हिच्या नावानं एकदा आंघोळ झालेली आहे, पुन्हा विधी कसा करायचा? नथूबाबा म्हणाला, "ती खोटी होती. खरी आज." भटजींनी पोथी उघडली. मला वेगळीच धास्ती होती. चुन्याचा साबण नीट पेटत नाही, हे मला माहीत होतं. मी मुकाट्यानं लाकडं जास्त घालायला लावली. चिता फार वेळ जळत राहिली, पिवळ्याधमक, उंच ज्योतीनं. नथूबाबा शेवटपर्यंत उभा होता.

पुढच्या आठवड्यात पंचांनी पंगतीचं बोलावणं पाठवलं. गंगाबाईनं निरोप दिला, "सांगा त्यायले, आमाले आता एकटं जेवायची सवय झाली." पावसाळ्यानंतर गणपत गाडीवान बायकापोरांसह मुंबईहून गावी आला. तेव्हा त्याला कळलं की इतकी वर्षं आपण कोणाला तरी पळवून नेलं होतं. तो म्हणे वेशीवरच्या दगडावर बसूनच राहिला. सोनाईशी तो कधी बोललासुद्धा नव्हता.

मी त्या दिवशी बोललो ते बरोबर होतं का, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. खरं होतं, त्यात शंका नाही. पण आईसमोर तिच्या लेकीबद्दल तो शब्द उच्चारणारा माणूस मी होतो, आणि पुढे गंगाबाई रस्त्यात भेटली की मीच नजर चुकवत असे. ती मात्र थांबून विचारी, "मास्तर, बरे हा ना?"

नथूबाबा सुतक फिटल्यावर कामावर आला. मला वाटलं होतं, आता तो हंड्याजवळ उभा राहणार नाही. मी म्हणालो, "बाबा, तुम्ही वखारीत बसत जा. तेलाचे डबे मोजा." त्यानं मान हलवली, पण गेला नाही. माझ्याजवळ उकिडवा बसला.

"मास्तर, एक विचारू? ते होताना तिले दुखलं असंल का?"

"नाही हो. ते सगळं नंतरचं. पडली तेव्हाच ती गेली. डॉक्टरांनी तपासून सांगितलंय मला, मान मोडली होती. तिला कळलंही नसेल."

"डाक्टर असं बोलले? पक्कं?"

"माझ्यासमोर बोलले. मानेचं हाड त्यांनी मला दाखवलं."

तो जमिनीकडे बघत होता. मग म्हणाला, "त्या दिवशी मी तिले आणायले त्याच वाटेनं गेलतो. लई ऊन होतं. त्या कुंडीजवळ एक पळस हाय, त्याच्या सावलीत बसलो. भाकर खाल्ली. बिडी ओढली."

मी भट्टीतलं लाकूड आत सारलं.

"तई ती खालीच असंल," नथूबाबा म्हणाला. "मी रोज तोच इचार करत होतो. तिनं हाक मारली असंल, अन् मले ऐकू आली नसंल." त्यानं दोन्ही हातांनी तोंड पुसलं. "मान मोडली व्हती म्हणता. मग बरं. म्हंजे तिनं हाक मारली नाही."